वडिलांची मोटारसायकल आणि हजरत उमर (रजि.) यांचा घोडा

वाशिम, कारंजा, मंगरूळपीर, रिसोड, मालेगाव, मानोरा, यांपैकी कोणत्याही गावच्या जुन्या मोहल्ल्यात गेल्यास एखाद्या घराच्या ओसरीत किंवा टिनाच्या छपराखाली ताडपत्रीने झाकलेली जुनी मोटारसायकल हमखास दिसते. कोठे १९५५ साली मद्रास येथे स्थापन झालेल्या एनफिल्ड इंडियाची बुलेट, कोठे म्हैसूरच्या कारखान्यातील जावा किंवा १९७३ नंतरची येज्दी, तर कोठे एस्कॉर्ट्सची राजदूत. याच गाडीवर वडिलांनी कापसाच्या बाजाराला चकरा मारल्या, मुलांना शाळेत सोडले, ईदगाहला नेले. वडील अल्लाहच्या भेटीस गेले, गाडी मात्र राहिली. विकवत नाही आणि वापरताही येत नाही. अशा वेळी घरातील कोणाच्या तरी मनात येते की ही गाडी वडिलांच्या नावे सदका करून टाकावी.

विचार पवित्र आहे. आईच्या मृत्यूनंतर तिच्या वतीने दान केल्यास तिला त्याचा लाभ होईल काय, असे हजरत सअद बिन उबादा (रजि.) यांनी विचारले होते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी होकार दिला आणि सअद (रजि.) यांनी आपली बाग आईच्या वतीने दान केली. ही हदीस सहीह बुखारीत आहे. परंतु सद्हेतू असला म्हणजे प्रत्येक दान शुद्ध होते असे नाही. जुने व लाडके वाहन देताना शरीअत आपल्याला तीन प्रश्न विचारते. ही वस्तू खरोखर आपली आहे काय? ती घेणाऱ्याच्या उपयोगाची आहे काय? आणि दिल्यानंतर आपण तिच्यावरून हात पूर्णपणे काढून घेणार आहोत काय?

पहिला प्रश्न : गाडी कोणाची?

वडिलांच्या निधनाच्या क्षणी त्यांची सर्व मालमत्ता वारसांची होते. त्यातून प्रथम कफन-दफनाचा खर्च, नंतर कर्जाची फेड, नंतर एक तृतीयांशाच्या मर्यादेत वसीयत आणि शेवटी वारसांचे हिस्से, हा क्रम ठरलेला आहे. कर्जात पत्नीचा न दिलेला मेहरही येतो, याचा अनेक घरांना विसर पडतो. आईचा मेहर शिल्लक असताना मुलांनी वडिलांची गाडी मदरशाला देऊन वाहवा मिळविणे म्हणजे एका हक्कदाराचे देणे बुडवून दुसऱ्यावर उपकार करणे होय.

एक उदाहरण घेऊ. समजा, मृत व्यक्तीच्या मागे पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी आहे. कर्ज नाही, वसीयत नाही. गाडीची बाजारातील किंमत ८०,००० रुपये आहे. दिव्य कुरआनच्या सूरह अन्-निसामधील आयत ११ व १२ नुसार पत्नीचा आठवा हिस्सा म्हणजे १०,००० रुपये. उरलेल्या ७०,००० रुपयांचे पाच भाग केले असता मुलीचे १४,००० आणि प्रत्येक मुलाचे २८,००० रुपये होतात. म्हणजे थोरल्या मुलाने 'मी गाडी दान केली' असे म्हटले, तर त्यातील ५२,००० रुपये त्याचे नव्हतेच.

सर्व वारस सज्ञान असतील आणि मनापासून राजी असतील, तर संपूर्ण गाडी देण्यास हरकत नाही. मात्र 'बहीण काय नाही म्हणणार आहे?' असे गृहीत धरणे म्हणजे संमती नव्हे. मुसलमानाची मालमत्ता त्याच्या मनाच्या खुशीशिवाय दुसऱ्याला हलाल होत नाही, ही प्रेषितांची (स.) शिकवण आहे. सासरी नांदणाऱ्या बहिणीला तिचा हिस्सा रुपयांत सांगावा, तो घेण्याची मोकळीक द्यावी आणि त्यानंतरच तिला विचारावे.

वारसांत अज्ञान मूल असेल तर प्रश्न अधिक गंभीर होतो. त्याच्या हिश्श्याचे दान त्याची आई करू शकत नाही, थोरला भाऊ करू शकत नाही आणि ते मूल स्वतः 'हो' म्हणाले तरी त्या होकाराला अर्थ नाही. अनाथांचे धन अन्यायाने खाणारे आपल्या पोटात आग भरतात, असा इशारा याच सूरहच्या दहाव्या आयतीत आहे. यावर सरळ मार्ग असा : वरील उदाहरणात धाकटा मुलगा अज्ञान असेल तर थोरल्याने रास्त किंमत ठरवून त्याचे २८,००० रुपये स्वतःच्या पैशातून त्याच्या नावे सुरक्षित ठेवावेत. त्यामुळे तो हिस्सा थोरल्याच्या मालकीचा होतो आणि मग त्याने तो खुशाल दान करावा. एवढी ऐपत नसेल तर गाडी विकून ज्याचा त्याला हिस्सा द्यावा आणि ज्यांना दान करावयाचे आहे त्यांनी आपापल्या पैशातून करावे. दान लहान होईल, पण निर्मळ होईल.

वडिलांनी हयातीत 'माझी गाडी अमुक मदरशाला द्या' अशी वसीयत केली असेल, तर ती एक तृतीयांशाच्या आत बसते काय ते पाहावे. हजरत सअद बिन अबी वक्कास (रजि.) यांनी आजारपणात सर्व संपत्ती दान करण्याची परवानगी मागितली, तेव्हा प्रेषितांनी (स.) एक तृतीयांशाची मर्यादा घातली आणि तेही पुष्कळ आहे असे सांगितले. वारसांना लोकांपुढे हात पसरावे लागण्यापेक्षा त्यांना सुस्थितीत सोडून जाणे बरे, हे त्यामागील कारणही त्यांनीच स्पष्ट केले.

दुसरा प्रश्न : आपण स्वतः ही वस्तू घेतली असती काय?

सूरह आले इमरानच्या ९२ व्या आयतीचा आशय असा आहे की, आपल्या प्रिय वस्तूंमधून खर्च केल्याशिवाय मनुष्य नेकीपर्यंत पोहोचत नाही. ही आयत ऐकून हजरत अबू तल्हा (रजि.) यांनी मस्जिदे नबवीसमोरील आपली सर्वांत लाडकी बाग 'बैरुहा' अल्लाहसाठी देऊन टाकली. प्रेषितांनी (स.) तिची प्रशंसा केली आणि ती जवळच्या नातेवाइकांत वाटण्याचा सल्ला दिला. तफसीरच्या ग्रंथांत याच आयतीच्या संदर्भात हजरत जैद बिन हारिसा (रजि.) यांच्या आवडत्या घोड्याचीही हकीकत येते. त्यांनी तो सदका म्हणून आणून दिला आणि प्रेषितांनी (स.) तो जैद (रजि.) यांच्याच मुलाला, उसामा (रजि.) यांना दिला. जैद (रजि.) यांच्या मनात किंचित खळबळ झाली, तेव्हा अल्लाहने तुमचा सदका स्वीकारला आहे असा दिलासा त्यांना मिळाला.

आता याच्या उलट बाजू पाहू. सूरह बकराच्या २६७ व्या आयतीत श्रद्धावंतांना बजावले आहे की, जी निकृष्ट वस्तू तुम्हाला कोणी दिली तर डोळेझाक केल्याखेरीज तुम्ही घेणार नाही, ती दानासाठी निवडू नका. मदीनेत काहीजण मस्जिदीत गरिबांसाठी खजुराचे खराब घड आणून टांगत असत, त्या संदर्भात ही आयत अवतरली, असे हदीसमध्ये आले आहे.

प्रिय वस्तू द्यावी आणि निकृष्ट वस्तू देऊ नये, या दोन्ही शिकवणी जुन्या मोटारसायकलला एकाच वेळी लागू होतात, कारण ती एकाच वेळी प्रियही असते आणि निकामीही असू शकते. आपल्याला तिच्यात वडील दिसतात. घेणाऱ्याला गंजलेली टाकी, न मिळणारे सुटे भाग आणि गॅरेजचा खर्च दिसतो. आपल्या अश्रूंची किंमत गरिबाच्या खिशातून वसूल होऊ नये. ज्या होतकरू तरुणाला रोज दहा कोस जाऊन मजुरी करावयाची आहे, त्याला इंजिन बसलेली गाडी देऊन त्याच्यावर उपकार होत नाही. द्यावयाचीच असेल तर आधी मिस्त्रीकडून ती चालू करून घ्यावी, टायर व ब्रेक बदलावेत, कागदपत्रे पूर्ण करावीत आणि मग द्यावी.

कागदपत्रे ही केवळ सरकारी बाब नाही, ती अमानत आहे. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. त्यामुळे त्यापूर्वीच्या गाड्यांची नोंद बहुधा अकोल्याची असते आणि आजचा एमएच-३७ हा क्रमांक त्यांच्यावर नसतो. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावे लागते. मालकाच्या निधनानंतर वारसाने तीस दिवसांच्या आत आरटीओला कळवावे आणि तीन महिन्यांच्या आत नमुना ३१ भरून गाडी आपल्या नावे करून घ्यावी, असा नियम आहे. पुढे ती दुसऱ्याला देताना नमुना २९ व ३० भरावे लागतात. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे की, नोंदवहीत ज्याचे नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईसाठी मालक समजला जाईल. तेव्हा गाडी नुसती हातात देऊन कागद 'नंतर पाहू' म्हणणे हे देणाऱ्याच्या, घेणाऱ्याच्या आणि रस्त्यावरील निरपराध माणसाच्या, तिघांच्याही हक्काशी खेळणे आहे.

गाडी पन्नास वर्षांहून जुनी व मूळ स्वरूपात असेल, तर २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार तिची 'विंटेज' म्हणून स्वतंत्र नोंदणी होऊ शकते. तिचे शुल्क २०,००० रुपये असून मुदत दहा वर्षांची असते. मात्र अशी गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे किंवा दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या वा व्यावसायिक वापरास मनाई आहे. याचा अर्थ उघड आहे. विंटेज नोंदणीची गाडी गरजू माणसाला वापरण्यासाठी देणे निरुपयोगी ठरते. ती विकून मिळालेला पैसा देणे हाच तिच्या सदक्याचा योग्य मार्ग होय.

विकून देणे

प्रिय वस्तू विकल्याने सदक्याचे मोल कमी होते, असा समज काही ठिकाणी आढळतो. तो बरोबर नाही. एका गरजू अन्सारी व्यक्तीच्या घरातील अंथरूण आणि प्याला प्रेषितांनी (स.) स्वतः लिलावात दोन दिरहमांना विकले. एका दिरहमाचे अन्न घरी द्यावयास सांगितले आणि दुसऱ्याची कुऱ्हाड आणावयास लावून तिला आपल्या हाताने दांडा बसवून दिला. पंधरा दिवसांत त्या माणसाने लाकूड तोडून दहा दिरहम कमावले. घरात पडून असलेली वस्तू विकून तिच्यातून रोजगाराचे साधन उभे करणे ही प्रेषितांची (स.) रीत आहे. शौकिनाला विकलेल्या जुन्या जावाच्या किमतीत एखाद्या विधवेचे शिलाई यंत्र येऊ शकते किंवा एखाद्या विद्यार्थ्याचे वर्षभराचे शुल्क भरले जाऊ शकते.

विकताना मात्र तीन गोष्टी सांभाळाव्यात. पहिली, दोष लपवू नये. जुन्या गाडीची किंमत तिच्या मूळ इंजिन व चेसिस क्रमांकावर आणि अस्सल भागांवर ठरते. टाकी बदललेली असेल, इंजिन दुसऱ्या गाडीचे असेल तर ते सांगावे. धान्याच्या ढिगात हात घालून आतील ओल दिसताच प्रेषितांनी (स.) व्यापाऱ्याला खडसावले होते. पैसा सदक्यात जाणार आहे म्हणून फसवणूक पवित्र होत नाही. दुसरी, लिलावात आपलीच माणसे उभी करून बोली वाढवू नये. हदीसमध्ये याला 'नजश' म्हणून मनाई आहे. तिसरी, तिकिटे विकून 'लकी ड्रॉ' काढू नये. शंभर जणांनी पैसे भरावे आणि एकाने गाडी न्यावी हा जुगार आहे, मग त्याचा पैसा मस्जिदीच्या बांधकामाला का जाईना.

येथे जकातीचाही उलगडा करणे आवश्यक आहे. मुसलमानाच्या स्वतःच्या घोड्यावर जकात नाही, अशी हदीस आहे. त्याच न्यायाने स्वतःच्या वापराच्या किंवा हौसेने जपलेल्या गाडीवर जकात नाही. जुन्या गाड्या विकण्यासाठीच घेऊन ठेवणाऱ्या व्यापाऱ्यावर मात्र त्यांच्या चालू किमतीच्या अडीच टक्के जकात आहे. आपल्या भागात प्रचलित असलेल्या हनफी मतानुसार जकात वस्तुरूपाने देता येते. परंतु ती पात्र व्यक्तीच्या पूर्ण मालकीची करावी लागते आणि हिशेबात बाजारभावच धरावा लागतो. भंगारात ८,००० रुपये येतील अशा गाडीला आठवणींचा भाव लावून २५,००० रुपयांची जकात फेडली असे मानता येत नाही.

तिसरा प्रश्न : हात काढून घेतला काय?

हा प्रश्न सर्वांत अवघड आहे आणि हजरत उमर (रजि.) यांची घटना येथे आपल्याला मार्ग दाखविते. बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ती आली आहे. उमर (रजि.) यांनी एका माणसाला अल्लाहच्या मार्गात स्वारीसाठी एक उमदा घोडा दिला. त्या माणसाने घोड्याची आबाळ केली. पुढे तो घोडा विक्रीस निघाला. उमर (रजि.) यांना वाटले की आपण तो विकत घ्यावा, स्वस्तातही मिळेल. त्यांनी प्रेषितांना (स.) विचारले. उत्तर मिळाले की, एका दिरहमाला मिळत असला तरी घेऊ नका, आपल्या सदक्याकडे परत वळू नका. दान परत घेणाऱ्याला प्रेषितांनी (स.) स्वतःची ओकारी चाटणाऱ्या कुत्र्याची उपमा दिली.

येथे थोडे थांबून विचार करावा. उमर (रजि.) फुकट परत मागत नव्हते, पैसे मोजणार होते. हेतूही वाईट नव्हता. मुक्या जनावराची आबाळ पाहून कोणालाही वाईट वाटेल. तरीही मनाई झाली. विधिज्ञांनी याचे एक कारण असे दिले आहे की, घेणारा देणाऱ्याच्या भिडेपोटी कमी किंमत घेतो आणि तेवढ्यापुरते दान परत घेतल्यासारखे होते. बहुसंख्य विधिज्ञांच्या मते असा व्यवहार बातिल नसला तरी मक्रूह आहे. मात्र दान केलेली वस्तू वारशाने परत आली तर तिला हरकत नाही. एका स्त्रीने आईला दान दिलेली दासी आईच्या मृत्यूनंतर वारशाने तिच्याकडे आली, तेव्हा तुझा मोबदला पक्का झाला आणि वारशाने ती तुला परत मिळाली, असे प्रेषितांनी (स.) तिला सांगितले.

आता हाच घोडा आपल्या दारातील मोटारसायकल समजावा. गाडी देऊन सहा महिने होतात. मुलगा बाजारात पाहतो तर वडिलांची बुलेट वेगळ्याच रंगात उभी आहे, आरसा तुटला आहे, चिखल धुतलेला नाही. किंवा कळते की घेणाऱ्याने ती विकून म्हैस घेतली. संतापाने तोंडून निघते, 'आमच्या अब्बांची गाडी होती ती, याच्यासाठी दिली होती काय?' या एका वाक्यात सारे दान वाहून जाऊ शकते. उपकार बोलून दाखवून आणि मन दुखवून आपले सदके वाया घालवू नका, हा सूरह बकराच्या २६४ व्या आयतीचा आदेश अशाच क्षणांसाठी आहे.

घेणारा विकू शकतो. तो त्याचा हक्क आहे. अबू तल्हा (रजि.) यांच्या बागेतून हजरत हस्सान (रजि.) यांना मिळालेला हिस्सा त्यांनी पुढे विकला होता, असे बुखारीतच आले आहे. जी वस्तू दिली ती दिली. 'विकू नकोस, रंग बदलू नकोस, ईदला आम्हाला चालवायला दे' अशा अटी मनात ठेवून दिलेली गाडी ही दान नसून दुसऱ्याच्या अंगणात ठेवलेली आपलीच गाडी असते. एवढा जीव अडकला असेल तर ती घरीच ठेवावी. घरी ठेवण्यात गुनाह नाही. तिच्या किमतीइतकी किंवा जमेल तेवढी रक्कम वडिलांच्या नावे द्यावी.

वस्तू टिकावी आणि तिचा लाभ चालू राहावा अशी इच्छा असेल, तर त्यासाठी वक्फ हा वेगळा मार्ग आहे. खैबरमधील जमीन उमर (रजि.) यांनी याच रीतीने वक्फ केली. मूळ जमीन विकली जाणार नाही, बक्षीस दिली जाणार नाही, वारशात जाणार नाही आणि उत्पन्न गरजूंना मिळेल, अशा अटी त्यात होत्या. जंगम वस्तूंबाबत हजरत खालिद बिन वलीद (रजि.) यांनी आपली चिलखते व शस्त्रे अल्लाहच्या मार्गात राखून ठेवल्याचा दाखला हदीसमध्ये मिळतो. हनफी विधिज्ञांपैकी इमाम मुहम्मद यांनी जेथे तसा रिवाज आहे तेथे कुऱ्हाड, करवत, स्वयंपाकाची भांडी, कुरआनच्या प्रती अशा वस्तूंचा वक्फ मान्य केला. परंतु मोटारसायकल झिजते, इंधन मागते, विमा मागते. तिच्या देखभालीचा खर्च कोण करणार हे ठरविल्याशिवाय ती एखाद्या संस्थेच्या दारात नेऊन उभी करणे म्हणजे संस्थेवर ओझे टाकणे होय. गाडी वक्फ करावयाची असल्यास जाणकार आलिम व वकील या दोघांचाही सल्ला घ्यावा.

साध्या मोटारसायकलने केवढी नेकी घडू शकते याचे उदाहरण आपल्या देशातच आहे. पश्चिम बंगालच्या जलपायगुडी जिल्ह्यातील करीमुल हक हे चहाच्या मळ्यातील कामगार. वाहनाअभावी त्यांच्या आईला वेळेवर रुग्णालयात नेता आले नाही आणि ती वारली. पुढे त्यांनी आपल्या मोटारसायकलवरून आजारी लोकांना विनामूल्य रुग्णालयात नेण्यास आरंभ केला. २०१७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी आईची वस्तू जपली नाही, आईला जे मिळाले नाही ते इतरांना दिले. मृतांच्या नावे दान करण्याचा हाही एक अर्थ आहे.

वाचक बंधु-भगिनींनो, आपल्या घरी अशी गाडी असेल तर एखाद्या सायंकाळी सर्व वारसांनी एकत्र बसावे. आईचा मेहर, वडिलांचे कर्ज, बहिणीचा हिस्सा आणि अज्ञान मुलाचा हक्क कागदावर मांडावा. नंतर गाडीची खरी किंमत काढावी. वापरण्याजोगी असेल तर दुरुस्त करून, नावावर करून, आधी आपल्या गरजू नातेवाइकाला व मग इतरांना द्यावी. शौकिनाच्या मोलाची असेल तर प्रामाणिकपणे विकून पैसा द्यावा. देताना छायाचित्र व फलक टाळता आल्यास टाळावेत, कारण उघड दान चांगले असले तरी गुप्त दान अधिक चांगले, असे सूरह बकराच्या २७१ व्या आयतीत सांगितले आहे. आणि पुढे कधी ती गाडी रस्त्यात दिसलीच, तर तिच्यावर बसलेल्या माणसाला सलाम करून वडिलांसाठी मगफिरतची दुआ मागत आपल्या वाटेने निघून जावे.

अल्लाह आपल्या मृत माता-पित्यांवर कृपा करो, आपल्याला हक्कदारांचे हक्क आधी देण्याची आणि दिलेल्या दानाकडे मागे वळून न पाहण्याची शक्ती देवो. आमीन.